खारीची झोप

"सलग उपवास करणार असाल, तर हे घेऊ नका," असं त्या मुलीनं आम्हाला तोंडावर सांगितलं होतं.

जयसिंगपुरात माझा नवरा सुदर्शन व्यायामशाळा चालवतो, तिथली ही गोष्ट. पूड विकणाऱ्या कंपनीनं पाठवलेली ती मुलगी वयानं माझ्याएवढीच असेल. समोर सतरंजीवर आम्ही बायका, मागं बाकांवर घामेजलेली पोरं. आत्ती पहिल्या रांगेत. आत्ती म्हणजे सुदर्शनची थोरली आत्या, जिनमती. लवकर वैधव्य आलं, तेव्हापासून माहेरीच राहिलेली, सत्तरीला टेकलेली. सुदर्शनला तिनंच वाढवलं.

आत्ती पदर सावरत म्हणाली, "अगं पोरी, उपवासात आम्ही पाणीबी उकळून घेतो, तेबी दिवसातनं एकदाच. तुझी पूड कुठनं घेणार?"

सगळी व्यायामशाळा हसली. मांडीवरच्या लेकीला, नेमीला, थोपटत मीही हसले. त्या मुलीलाही हसू आलं आणि ती पुढं बोलू लागली.

तिला सांगायचं होतं की ज्यांना उपवासाचा नेम आहे त्यांनी ही पूड कधीच तोंडात घालू नये. आम्ही ऐकलं ते एवढंच, की उपवासाच्या दिवशी घेऊ नये. आमच्या समाजात उपवास म्हणजे उपवास. साबुदाणा नाही, फळ नाही, काही नाही. मग तो सल्ला आम्हाला विनोदच वाटणार.

पूड कशाची, ते तिनं फार छान समजावलं होतं. थंड देशांत जमिनीत बीळ करून राहणारी एक खार असते. हिवाळाभर ती झोपते. महिनोन्‌महिने दाणा नाही, हालचाल नाही. माणूस नुसता आजारपणात पडून राहिला तरी त्याच्या मांड्या काड्यांसारख्या होतात, पण ही खार वसंतात उठते ती थेट पळत सुटते. स्नायू जसेच्या तसे. कारण काय, तर तिच्या आतड्यातले जंतू. आपण खाल्लेली प्रथिनं शरीरात वापरली गेली की त्यातला नत्र युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो. खारीच्या पोटातले जंतू तो युरिया वाया जाऊ देत नाहीत. तो फोडून त्यातला नत्र ते पुन्हा कामाला लावतात, त्यातून प्रथिनांच्या विटा घडतात, आणि शरीर त्या विटांनी पुन्हा स्नायू बांधतं. माणसाच्या पोटातही असे जंतू असतात, पण आळशी. कंपनीनं त्यांना खारीचे गुण दिले होते. म्हणजे भाकरी-आमटीतलं जे काही थोडंथोडकं प्रथिन, ते शरीर दोनदा, तीनदा वापरणार. दूध नको, अंडं नको, मटण तर नकोच.

"ह्यात जीव हाय म्हणायचा की," आत्तीनं विचारलं. तिचा सगळा जन्म किडामुंगी वाचवण्यात गेलेला.

"आहे ना आजी. पण तो मारायचा नाही. पोटात पाळायचा."

"मग पुण्यच की गं!" आत्ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी तिनं हात पुढं केला.

सुदर्शनला तर ही पूड म्हणजे आयुष्यभराच्या टोमण्यांवरचं उत्तर वाटली. आम्ही जैन, मांसाहाराचा प्रश्न घरात कधी आलाच नव्हता. पण त्यानं कॉलेजात असताना दूधतूपही सोडलं, तेव्हा घरात मोठा गहजब झाला. "म्हशीनं तुझं काय घोडं मारलंय?" असं आत्ती विचारायची. गावात तालमी, खुराक म्हणजे दूध, बदाम आणि रविवारी मटण. त्या गावात निव्वळ हुलगे, शेंगदाणे आणि सोयाबीन खाऊन शरीर कमवायला निघालेला माणूस म्हणजे चेष्टेचा विषय. पलीकडच्या गल्लीतले शिंदे वस्ताद तर रस्त्यात गाठून म्हणायचे, "शेळीबी पालाच खाती रे सुदर्शन. तिला डाव येत्यात का?"

पूड आली आणि वर्षभरात चित्र पालटलं. सुदर्शनची पोरं जिल्ह्यात बक्षिसं मिळवू लागली. लोक त्यांना 'खारी' म्हणायचे, पण आता त्या चिडवण्यात थोडा धाक होता. आणि आत्ती! जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवणारी आत्ती बाहुबलीचा डोंगर न थांबता चढून आली. गॅसची टाकी उचलून आत ठेवायला लागली. व्यायामशाळेच्या वाढदिवसाला तिनं शिंदे वस्तादांशी पंजा लावला. हरली, पण सहज नाही. वस्तादांचा चेहरा लालभडक झाला होता. आत्ती दंड चोळत म्हणाली, "वस्ताद, मटण कमी पडतंय वाटतं."

त्या दिवशी सुदर्शन इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्तीचा दंड दाखवतानाचा फोटो त्यानं मोठा करून व्यायामशाळेच्या दारावर लावला.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दरवर्षीप्रमाणे आत्तीनं दहाही दिवसांचे उपवास धरले. सुदर्शन म्हणाला, "यंदा तुला काही त्रास होणार नाही बघ. स्नायू उतरायचेच नाहीत." आणि खरंच, एरवी चौथ्या-पाचव्या दिवशी भिंतीला धरून चालणारी आत्ती यंदा ताठ चालत होती. दर्शनाला येणाऱ्या बायका तिच्याकडे बघून हात जोडत होत्या.

मला मात्र एक दिसत होतं. सकाळी ती नेमीला माझ्याकडून घ्यायची तेव्हा तिचे हात गार असायचे. तोंड धुतल्यामुळं असतील, असं मी म्हणायचे. बोलताना शब्द सावकाश यायचे. एकदा ती सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसलेली असताना मी दारातून हाक मारली, तर वळून बघायला तिला इतका वेळ लागला की मला वाटलं, आपली हाक गेलीच नाही. मी स्वभावानं घाबरट. बाळ झाल्यापासून तर जास्तच. नेमीच्या अंथरुणाखाली श्वास मोजणारी गादी आहे. प्रत्येक श्वासाला फोनवर हिरवा ठिपका उमटतो, आणि ठिपका आला नाही तर भोंगा वाजतो. घरातले सगळे त्यावरून मला चिडवतात. म्हणून आत्तीच्या गार हातांबद्दल मी कोणाला बोलले नाही. म्हणतील, आता हिनं म्हातारीच्या मागंही लागायचं ठरवलंय.

पर्व संपत आलं होतं. सकाळी पूजेला म्हणून बोलवायला गेले, तर आत्ती पाटावर भिंतीला टेकून बसलेली. हातात माळ. मी खांद्याला हात लावला. दगडाला लागावा तसा गारवा लागला. मान एका बाजूला कलली.

मी किंचाळले असणार, कारण सुदर्शन टॉवेलवरच धावत आला.

डॉक्टर गल्लीतलेच. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकला, छातीवर पट्टी चिकटवली. यंत्रावर सरळ रेघ आली. त्यांनी थोडं थांबून हात जोडले. "काही कष्ट नाहीत झाले त्यांना. फार भाग्याचं मरण."

तासाभरात अंगण भरलं. रडणं कमी आणि हात जोडणंच जास्त. पर्वात, उपवासात, सामायिकात बसलेल्या स्थितीत देह ठेवला म्हणजे केवढं मोठं पुण्य. कोणी णमोकार मंत्र सुरू केला. बस्तीतले, म्हणजे आमच्या देवळातले उपाध्ये आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "सुदर्शन, उशीर नको. प्राण गेल्यावर देहात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. जितका वेळ जाईल तितकी हिंसा."

सुदर्शन नुसता मान हलवत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तो सुन्न झाला होता.

आम्ही बायकांनी आत्तीला आंघोळ घालायला घेतलं. मी हात धरला होता. पातळ नेसवताना मी तो हात कोपरात दुमडला, परत सरळ केला, आणि तशीच थांबले. सकाळी हात लावला तेव्हाच ती गार होती, म्हणजे प्राण जाऊन कितीतरी तास झाले असायला हवे होते. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं माझं. प्राण गेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, आधी जबडा, मान, मग हात, हे मी परीक्षेत लिहिलेलं. आत्तीचा हात मात्र झोपलेल्या माणसाच्या हातासारखा वाकत होता. आणि तो भरलेला होता. दंडाचा गोळा माझ्या तळव्यात जसाच्या तसा.

शेजारची काकू म्हणाली, "बघा, देह कसा मऊ राहिलाय. पुण्यवान जीव."

माझ्या डोळ्यांसमोर ती खार आली. बिळात वेटोळं करून पडलेली, गार. न खाता, न हलता, स्नायू राखून. त्या मुलीनं सांगितलं होतं, झोपेत तिचं हृदय मिनिटाला जेमतेम काही ठोके टाकतं. डॉक्टरांनी पट्टी किती वेळ लावली होती?

मी बाहेर पळाले. सुदर्शनला बाजूला ओढलं.

"सुदर्शन, आत्ती मेली नाहीये."

"चंदना, आत जा."

"ती पूड खारीची आहे ना? खार काय करते उपाशी राहिल्यावर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं, हे मला कळलं. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. आशा नव्हती ती. भीती होती. तो अगदी हळू म्हणाला, "तू आत्ता सगळ्यांसमोर पुडीचं नाव काढलंस आणि आत्ती नाही उठली, तर उद्या गाव काय म्हणेल माहीत आहे? पालापाचोळा खाऊ घालून म्हातारीला मारली. शंभर पोरं माझ्या शब्दावर खातायत. सगळं संपेल."

"आणि उठली तर?"

अंगणात तिरडी बांधून झाली होती, आणि आत्तीला बाहेर आणत होते.

मी घरात गेले. नेमी झोपली होती. तिला उचलून कडेवर घेतलं, तिच्या खालची गादी ओढून काढली आणि गर्दीतून वाट काढत आत्तीपाशी आले.

"हे काय?" एकदम कल्लोळ झाला. "लेकराची गादी मयताखाली? वेड लागलं का हिला?" "अहो, धरा तिला. धक्का बसलाय." कोणीतरी माझ्या कडेवरून नेमीला काढून घेतलं. उपाध्ये माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, मोहानं त्यांची गती बिघडवू नकोस." ते मनापासून म्हणत होते. तेच जास्त अवघड होतं.

"थोडा वेळ द्या मला. फक्त थोडा वेळ."

तेवढ्यात मागून शिंदे वस्तादांचा आवाज आला. ते हार घेऊन दारात उभे होते. "सूनबाई म्हणतीय तर थांबा की. कोण पळून चाललंय का हितनं?" आणि त्यांनी तिरडीसमोर बसकण मारली. तेवढा अवजड माणूस उठवणार कोण?

सुदर्शन पुढं आला. मला वाटलं, गादी हिसकावणार. त्यानं आत्तीचे खांदे उचलले आणि म्हणाला, "सरकव."

गादी पाठीखाली गेली. मी फोन समोर धरला. ठिपका नाही. भोंगा वाजायला लागला. अंगणात तो आवाज इतका कर्कश होता की लोकांनी कानांवर हात ठेवले. मी बंद केला. पुन्हा लावला. ठिपका नाही. पुन्हा भोंगा. एक बाई रडत म्हणाली, "बंद करा गं ते, विटंबना आहे ही." सुदर्शननं डोळे मिटले. मी तिसऱ्यांदा लावला आणि या वेळी हात मागं घेतले. भोंगा वाजत राहिला. वाजतच राहिला. नेमी कोणाच्या तरी कडेवर भोकाड पसरून रडत होती. माझ्याच कानाला तो आवाज सोसेना.

आणि तो थांबला.

मी हात लावला नव्हता. फोनवर एक हिरवा ठिपका होता.

मग ठिपका गेला, भोंगा परत सुरू झाला, आणि कितीतरी वेळानं पुन्हा थांबला. या वेळी सगळ्यांनी बघितलं. वस्ताद उठले, उपाध्यांच्या हातातली फुलं आपसूक खाली पडली, आणि सुदर्शन आत्तीच्या छातीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा ओरडला, "गाडी आणा! गाडी आणा रे कोणीतरी!"

सांगलीच्या दवाखान्यात तिला हळूहळू ऊब दिली. घाई केली असती तर हृदय बंद पडलं असतं, असं तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. अंग अर्धवट गरम झाल्यावर आत्तीला जी हुडहुडी भरली, तिनं पलंग हलत होता. खार अशीच उठते, थरथरून. बाईंनी सांगितलं की वरून अन्न यायचं थांबलं की ते जंतू एक रसायन सोडतात. खारीच्या शरीराला त्याचा अर्थ कळतो, हिवाळा आला, झोप. माणसाला तो कळणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. आमच्यासारखे दिवसच्या दिवस पोटात काही न घालणारे लोक कंपनीच्या चाचणीत नव्हते.

आत्तीनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पारण्याला काय केलंस गं?"

मी हसले, रडले, पुन्हा हसले. ही गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं.

आत्तीला घरी आणलं त्या संध्याकाळी पद्मजा आली. मागच्या गल्लीतली, मगदूमांची सून. फाटकाबाहेरच उभी राहिली. मी आत ये म्हटलं तरी आली नाही.

"आत्ती बऱ्या हायत न्हवं?"

"बऱ्या आहेत. ये ना."

तिनं फाटकाच्या गजाला धरलं होतं. "आमच्या सासूबाईबी आत्तींच्या संगट पूड घ्यायच्या. संगटच डोंगरावर जायच्या. संगटच उपवास धरला हुता." ती थांबली. मला पुढचं कळत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं. पर्वाच्या मध्यात तिच्या सासूबाई, सुलोचना काकू, गेल्या होत्या. झोपेतच. गावानं वाजतगाजत नेलं होतं. मी स्वतः फुलं वाहिली होती.

"त्यांचा हातबी मऊच हुता गं, चंदना," पद्मजा म्हणाली. "मीच धरला हुता."

आणि ती वळून निघून गेली. तिच्या मागं जावं, काहीतरी बोलावं, असं वाटलं. पण बोलणार काय होते मी?

सुदर्शनला मी हे सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दारावरचा आत्तीचा फोटो काढला आणि एकेका पोराच्या घरी जाऊन पुड्या गोळा केल्या. वस्तादांच्या तालमीतूनही पिशवीभर निघाल्या. त्यांची मटण खाणारी पोरंही चोरून घेत होती. पुड्या गोळा केल्यानं काही होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. जंतू पोटात वस्तीला आलेत. ते काढायचं औषध अजून नाही.

मी हे लिहावं असं सुदर्शनला वाटत नाही. तो म्हणतो, लोक जंतूंचं विसरतील आणि शाकाहार तेवढा लक्षात ठेवतील. तसं झालंही आहे. फोनवर सगळीकडे तेच चाललंय. एक बाजू म्हणते, बघा, मटण सोडलं की हे असं होतं. दुसरी म्हणते, हा मटणवाल्यांचाच कट. आमच्या समाजातले काही म्हणतात, म्हातारीची चांगली समाधी मोडली सुनेनं. डाळ की मटण यावर माणसं एकमेकांच्या अंगावर जातायत, आणि आपापल्या घरात कोण गार पडलंय हे बघायला कोणी उठत नाही. मी अजूनही दूध घेत नाही. हुलग्यांचं माडगं करते. दोष हुलग्यांचा नव्हता. घरात जंतू आलेत म्हणून नेमीची तपासणी करून घेतली, काही निघालं नाही, तरी ती उपाशी झोपली की मी तिला उठवते, ती रडली तरी उठवते.

ही पूड नुसती जयसिंगपुरात विकली गेलेली नाही, आणि उपाशी फक्त व्रत करणारेच राहतात असं नाही. स्पर्धेआधी पोटाच्या शिरा दिसाव्यात म्हणून जेवण तोडणारा तुमचा भाचा असेल. लग्नाच्या आधी बारीक व्हायला निघालेली मैत्रीण असेल. किंवा वरच्या मजल्यावर एकटे राहणारे, एकट्यासाठी काय रांधायचं म्हणून चहावर दिवस काढणारे काका, ज्यांना त्यांच्या मुलानं प्रेमानं ही पूड पाठवली असेल. कालपासून त्यांच्या दारातलं वर्तमानपत्र कोणी उचललेलं नसेल.

हे वाचून झालं की वाद नंतर घाला. आधी जिना चढून जा. दार वाजवा, उघडलं नाही तर उघडवा. हात गार लागला तर लगेच माणसं गोळा करू नका. तो हात कोपरात वाकवून बघा. वाकला, तर नाकाशी बोट धरून बसा, आणि आता पुरे असं वाटेल त्याच्यानंतरही बसून राहा. गाडी बोलवा. पण आत्ता जा. मी थांबते.